सोन्याची लाल फिल्म बनवताना

नॅनोकण म्हटलं की बहुतेकांना वाटतं ते बनवणं हेच मोठं काम असणार, पण सोन्याचं सांगते, बनवणं तासाभराचं काम आहे, पाणी नीट उकळता आणि ढवळता आलं की झालं. खरी मारामारी नंतर सुरू होते, बनलेल्या कणांना एकमेकांना चिकटू न देण्याची, आणि ऑप्टिकल गुण वगैरे जे काही आपण मोजतो ते सगळं फिरून याच एका गोष्टीवर येतं. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हेच होतं. सोन्याचे कण पाण्यात बनवायचे, ते पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पारदर्शक फिल्ममध्ये बसवायचे, आणि पाण्यातला लाल रंग फिल्ममध्ये लालच राहतो का ते बघायचं. ऐकायला किरकोळ वाटतं ना, वर्षाचे बरेच महिने गेले त्यात.

सुरुवात भांडी धुण्यापासून. साबणाने नाही, अॅक्वा रेजियाने. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, फ्यूम हूडच्या आत, जाड ग्लोव्हज घालून. पिवळंनारिंगी होतं आणि त्यातून क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराइड सुटत राहतं, म्हणून ते कधीही झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत साठवायचं नाही, आणि जवळपास अॅसिटोन किंवा अल्कोहोल ठेवायचं नाही, हे माझ्या प्रोजेक्टच्या मॅडमनी एवढ्या वेळा सांगितलं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. एवढा खटाटोप का, तर आधीच्या बॅचचं सोनं काचेला कुठेतरी चिकटलेलं असतं, दिसत नाही पण असतं, आणि नवीन सोनं मोकळ्या पाण्यात कण बनण्याऐवजी त्या जुन्या डागावर जाऊन बसतं. मग साईज सगळी वेडीवाकडी. क्लोरोऑरिक अॅसिड, म्हणजे ज्यातून कण बनतात ते सोन्याचं संयुग, काढायला स्टीलचा चमचाही चालत नाही, स्टीलवरच सोनं रिड्यूस होऊन म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन धातू बनून बसतं, प्लास्टिकचा लागतो. शिवाय ते हवेतलं पाणी इतकं भराभर ओढतं की वजन करेपर्यंत काट्यावरचा आकडा सरकत असतो, म्हणून आम्ही सगळी बाटली एकदमच पाण्यात विरघळवून स्टॉक करून ठेवायचो.

पद्धत जुनीच, तुर्केविचची, १९५१ ची. १०० मिली १ मिलीमोलर क्लोरोऑरिक अॅसिड उकळत ठेवायचं, जोरात स्टिरिंग, वर वाफ थंड करून परत खाली पाडणारा कंडेन्सर, आणि छान उकळी आली की १० मिली सोडियम सिट्रेट, ३८.८ मिलीमोलर, म्हणजे साधारण १.१ टक्का, एकदम ओतायचं. थेंब थेंब नाही, एकदम. कारण सगळे कण शक्यतो एकाच वेळी जन्माला यायला हवेत, काही आधी काही नंतर असं झालं की आधी आलेले मोठे होऊन बसतात. १९५० च्या सुमारास लामेरने हे मांडलं होतं, आधी एकदम केंद्रकं तयार व्हायची आणि मग नुसती वाढ.

ओतल्यावर जे होतं ते कितीही वेळा बघितलं तरी मी कंडेन्सरपाशीच उभी असायचे. फिकट पिवळं सोल्युशन आधी पाण्यासारखं रंगहीन होतं, मग एकदम राखाडी, काळपट निळं, शाईसारखं, मग जांभळं, आणि मग सावकाश वाइन रेड. त्या मधल्या काळ्या टप्प्यात नेमकं काय चालू असतं यावर संशोधकांत बराच वाद झालाय, पण पहिला टप्पा सोपा आहे, तीन प्रभाराचं सोनं एक प्रभारावर येतं आणि पिवळा रंग देणारं कॉम्प्लेक्स संपतं. शेवटी साधारण १३ नॅनोमीटरचे गोळे मिळतात. सिट्रेट इथे दोन कामं करतं, सोन्याला रिड्यूस करतं आणि कणाच्या पृष्ठभागावर बसून त्याला निगेटिव्ह चार्ज देतं, म्हणजे कण एकमेकांना ढकलत राहतात. सिट्रेट कमी घातलं तर कण मोठे येतात, फ्रेन्सने १९७३ मध्ये हेच वापरून साईज ठरवून मिळवायची युक्ती दिली.

आता लाल का? दागिन्याचं सोनं पिवळं आणि हे लाल, हा प्रश्न लॅबमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे, कण तिच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे त्या कणातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन मिळून एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला असे जातात, बादली हलवली की आतलं पाणी हिंदकळतं तसे. त्या हिंदकळण्याची एक ठराविक फ्रिक्वेन्सी असते, पाण्यातल्या सोन्याच्या छोट्या गोळ्यासाठी ती ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात पडते. हिरवा शोषला जातो, लाल पार जातो. चांदीसाठी तीच ४०० च्या जवळ, म्हणून चांदीचे कण पिवळे दिसतात. याला सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स म्हणतात. गुस्ताव मी याने १९०८ मध्ये याचं गणित मांडलं, सोन्याच्याच कोलॉइडचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांचे, रंग समजावून घ्यायला, आणि ते गणित आजही आम्ही तसंच्या तसं वापरतो, फक्त आता कॉम्प्युटर सोडवतो.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण शाळाकॉलेजच्या पोस्टरवर कायम चुकीची असते. "साईज बदलली की रंग बदलतो" हे वाक्य सोन्याच्या गोळ्यांसाठी फार ताणून वापरलं जातं. १३ चा कण ५२० ला, आणि १०० चा कण ५७० च्या आसपास, म्हणजे साईज सातपटीहून जास्त वाढवून पीक, म्हणजे शोषण सगळ्यात जास्त असतं ती तरंगलांबी, जेमतेम ५० नॅनोमीटर सरकलं. साईजवर खरा रंग बदलतो तो क्वांटम डॉटचा, म्हणजे सेमीकंडक्टरच्या काही नॅनोमीटरच्या कणाचा. कॅडमियम सेलेनाइड २ नॅनोमीटरचं असेल तर निळं चमकतं आणि ६ च्या आसपास गेलं की लाल, २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यावरच होतं. पण तिथलं कारण वेगळं, तिथे इलेक्ट्रॉनला जागाच अपुरी पडते आणि ऊर्जेच्या पातळ्या फाकतात. सोन्याच्या गोळ्याचा रंग खऱ्या अर्थाने बदलायचा असेल तर त्याचा आकार म्हणजे शेप बदला, भोवतालचं माध्यम बदला, नाहीतर दोन कण जवळ आणा. आणि तिसरी गोष्ट तर न मागता होते.

ती न मागता कशी होते हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. टेस्ट ट्यूबमध्ये लाल सोल्युशन, त्यात थोडं मिठाचं पाणी टाकायला सांगितलं. डोळ्यादेखत जांभळं, मग निळं, आणि दुसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ, वर स्वच्छ पाणी. मिठाचे आयन कणांच्या चार्जला झाकून टाकतात, ढकलाढकली संपते, कण जवळ येतात, जवळ आले की त्यांचे प्लाझमॉन एकमेकांशी जोडले जातात आणि शोषण लाल बाजूला सरकतं. फॅरेडेने १८५७ मध्ये हे नोंदवून ठेवलंय, मीठ घातलं की माणकासारखा लाल रंग निळा होतो. त्याच्याकडे ना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता ना काही, तरी कण फार बारीक असावेत आणि रंग त्यामुळे आहे एवढं त्याने ताडलं. मला तरी आमच्या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

याचाच धंदाही होतो अर्थात. दूध पावडरमधलं मेलामाइन किंवा ठराविक डीएनए ओळखायला कण मुद्दाम जवळ आणायचे आणि लाल ते निळा बदल नुसत्या डोळ्याने बघायचा. प्रेग्नन्सी टेस्टच्या किंवा कोविडच्या रॅपिड अँटिजेन टेस्टच्या पट्टीवरची लाल रेघसुद्धा बहुतेक वेळा सोन्याचे कणच असतात, ४० नॅनोमीटरच्या आसपासचे, अँटिबॉडी लावलेले. तिथे रेघ निळी होत नाही कारण अंगावर प्रोटीनचा थर असतो, गर्दी झाली तरी सोनं सोन्याला टेकत नाही.

मोजमापाचं बोलायचं तर यूव्ही-व्हिज हे आमचं रोजचं मशीन, कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं. न पातळ केलेलं सोल्युशन एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजायच्या चौकोनी पारदर्शक नळीत, घातलं तर अॅब्सॉर्बन्स म्हणजे शोषणाचा आकडा ३ च्या वर जातो, आणि तिथे मशीन काय वाटेल ते दाखवतं, त्यामुळे चारपट पातळ करूनच घ्यायचं. ५२० ला पीक आणि ६५० ला जवळजवळ काही नाही, असा आलेख आला की दिवस चांगला. ६५० आणि ५२० चं गुणोत्तर वाढलं की समजायचं कुठेतरी गळाभेट सुरू झाली. डाव्या बाजूला म्हणजे ५०० च्या खाली मात्र आलेख शून्याला येत नाहीच, ते सोन्याचं स्वतःचं इंटरबँड शोषण आहे, म्हणजे धातूतले इलेक्ट्रॉन एका ऊर्जापट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारतात त्याचं, त्यात बिघाड काही नाही, पण नवीन पोरं दरवेळी तिथेच बेसलाइन ओढायला जातात.

टीईएममध्ये म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये १३ दिसलेले कण डीएलएसमध्ये, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून साईज मोजणाऱ्या मशीनमध्ये, विशीच्या जवळ येतात. भांडण नाही दोघांचं. टीईएमला फक्त सोनं दिसतं, डीएलएस अंगाभोवतीच्या थरासकट पोहणारा कण मोजतं. आणि डीएलएसचा एक वाईट स्वभाव म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातावर जाते, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा ओरडतो. एक धुळीचा कण आला की अख्खं सॅम्पल ५०० नॅनोमीटरचं. फिल्टर केल्याशिवाय मी त्या मशीनला हात लावत नाही.

आता फिल्म. इथे माझे महिने गेले.

पीव्हीए थंड पाण्यात शिंपडून भिजवायचं आणि मग ढवळत ८५-९० डिग्रीला न्यायचं, थेट गरम पाण्यात टाकलं की बाहेरून चिकट आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या जात नाहीत. थंड झालं की सोन्याचं सोल्युशन त्यात मिसळायचं, एक भाग सोन्याला तीन भाग पीव्हीए, पेट्री डिशमध्ये ओतायचं आणि वाळू द्यायचं. मिसळल्यावर मस्त लाल. वाळत आलं की जांभळट, आणि कडेला तर निळसर.

मॅडमनी मला विचारलं, "कण जवळ येतातच का, जागा कमी पडते का?" मी कागद घेऊन बसले. तेरा नॅनोमीटरच्या कणाचं वजन काढलं, लिटरमध्ये किती कण ते काढलं, मूळ सोल्युशनमध्ये दोन कणांत सरासरी अंतर जवळपास अर्धा मायक्रॉन येतं. एकाला तीन मिसळल्यावर आणखी वाढतं. मग एक सेंटीमीटर उंचीचं पाणी वाळून ५० मायक्रॉनची फिल्म उरली तर आकारमान २०० पट कमी झालं, पण अंतर घनमुळाने कमी होतं, म्हणजे फक्त सहापट, तरी दोन कणांत १०० नॅनोमीटरच्या वर जागा उरते. कणाच्या व्यासाच्या कितीतरी पट. प्लाझमॉन जोडले जायला अंतर व्यासाएवढं किंवा कमी व्हावं लागतं. म्हणजे जागा भरपूर आहे, तरी हे जांभळं होतंय.

यातूनच दुसरं एक लक्षात आलं आणि ते मला फार आवडलं. फिल्म क्युव्हेटपेक्षा २०० पट पातळ म्हणून रंग फिका पडेल असं सगळे म्हणत होते, पण पाणी वरून उडतं, सोनं कुठेच जात नाही, वरून खाली येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत जेवढे कण आधी होते तेवढेच नंतरही आहेत. त्यामुळे एक सेंटीमीटर उंच ओतलेलं वाळलं तरी अॅब्सॉर्बन्स तेवढाच राहायला हवा. आणि राहिलाही, जिथे जांभळं झालं नव्हतं तिथे.

जांभळं होण्यामागचा गुन्हेगार निघाला उरलेलं सिट्रेट. कणावर बसलेलं थोडंच असतं, बाकीचं पाण्यात तसंच, आणि क्लोराइडही, आणि पाणी उडत गेलं की हे सगळे क्षार २०० पट दाट होतात. म्हणजे मी तीच मिठाची टेस्ट सावकाश, दोन दिवस लावून करत होते म्हणा ना. पीव्हीए कणांना धरून ठेवतं पण सिट्रेटच्या जागी ते पूर्ण बसेपर्यंत वेळ लागतो. उपाय सेंट्रिफ्यूज, क्षार वरच्या पाण्याबरोबर काढून टाकायचे. पण नुसत्या सिट्रेटवाल्या कणांना जोरात फिरवलं की तळाला आरशासारखा चकचकीत थर बसतो आणि तो परत पाण्यात येत नाही, ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या सोनिकेटरमध्ये तासभर ठेवा नाहीतर नवस बोला. म्हणून आधी थोडं पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन, हेही एक पॉलिमर) घालून रात्रभर ढवळत ठेवायचं, पॉलिमरचा कोट चढला की मग फिरवायचं, तळाशी घट्ट पेलेट न होता लाल दाट थेंब बसतो, तो अलगद उचलून ताज्या पाण्यात. आता कणांना चार्जची गरजच नाही, अंगावरच्या पॉलिमरमुळेच ते लांब राहतात. हे केल्यावर मिठाचं पाणी घातलं तरी रंग हलत नाही, आणि फिल्ममध्ये टाकायच्या आधी मी दर बॅचला हीच परीक्षा घेते.

वाळवायलाही घाई नको. ओव्हनमध्ये वाळवली की वरचा थर आधी कडक होतो, बुडबुडे अडकतात आणि माल कडेकडेला सरकतो. लेव्हल बघून सपाट जागी, वर सैल झाकण, रूम टेंपरेचरला. एसीच्या झोतात ठेवलेल्या डिशला एका बाजूला गडद कडं आलं होतं, तेव्हापासून माझी डिश कपाटात.

शेवटी लाल फिल्म मिळाली, डिशमधून सोलून काढली, यूव्ही-व्हिज घेतला, आणि पीक ५३० च्या जवळ. दहा नॅनोमीटर सरकलेलं. पुन्हा चिकटले की काय म्हणून पोटात गोळा, पण आलेखाची रुंदी तशीच होती आणि ६५० ला सगळं शांत. चिकटले असते तर लाल बाजूला शेपूट आलं असतं. इथे कारण माध्यमाचं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पीव्हीएचा जवळपास १.५, आणि भोवतालचा अपवर्तनांक वाढला की इलेक्ट्रॉनांचं हिंदकळणं मंद होतं, पीक लाल बाजूला सरकतं. मॅक्सवेल गार्नेटने १९०४ मध्ये रंगीत काचांसाठी लिहिलेलं सूत्र लावून बघितलं तर अंदाज बऱ्यापैकी जुळला. हाच परिणाम सेन्सरमध्ये वापरतात, कणाच्या अंगावर एखादं प्रोटीन येऊन बसलं तरी तेवढ्याने पीक सरकतं. फिल्म मोजताना ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी सोन्याशिवायचा नमुना म्हणून, तेवढ्याच जाडीची नुसती पीव्हीएची फिल्म ठेवायची, हवा नाही, नाहीतर परावर्तनाचा हिशोब चुकतो. स्पिन कोटिंग करून, म्हणजे काच गरगर फिरवून तिच्यावर सोल्युशन पसरवून, काही मायक्रॉनच्या पातळ फिल्म केल्या तेव्हा आलेखावर लाटा आल्या, त्या फिल्मच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशाच्या इंटरफेरन्सच्या, आणि त्या लाटांमधल्या अंतरावरून जाडी फुकटात कळते.

मोठ्या कणांची, साठसत्तर नॅनोमीटरची फिल्मही केली, सिट्रेट कमी करून. शोषण आकारमानाच्या प्रमाणात वाढतं आणि विखुरणं आकारमानाच्या वर्गाच्या, त्यामुळे मोठ्या कणांत विखुरणं अंगावर येतं. उजेडासमोर धरली की तांबूसजांभळी, आणि काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून वरून बघितली की मातकट. रोमन लोकांचा लायकर्गस कप, चौथ्या शतकातला, ब्रिटिश म्युझियममधला, याच तत्त्वावर आहे, बाहेरून उजेड पडला की हिरवा, आत दिवा ठेवला की लाल. त्या काचेत सोनंचांदीच्या मिश्रधातूचे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत आणि सोनं किती, तर दहा लाख भागांत साधारण ४० भाग. बनवणाऱ्याला काय माहीत होतं कोण जाणे, पण हात पक्का होता.

लेझरचा भाग मी पटकन सांगते कारण तो फक्त गंमत म्हणून केला. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर नेमका आमच्या पीकवर पडतो, छोटे कण विखुरतात नगण्य, चमकत तर जवळजवळ नाहीतच, म्हणजे शोषलेला प्रकाश सगळा उष्णतेत जातो. फिल्मला लावलेल्या थर्मोकपलचा आकडा लेझर चालू करताच चढायला लागला, कोऱ्या फिल्मवर हलला नाही. त्या तरंगलांबीचा योग्य गॉगल लावल्याशिवाय हा प्रयोग कोणी करू नये. कॅन्सरच्या गाठी आतून तापवायची जी कल्पना आहे ती हीच, पण हिरवा प्रकाश शरीरात मिलिमीटरभरही धड जात नाही, रक्तच खाऊन टाकतं, म्हणून तिथे ८०० च्या आसपास शोषणारे कण लागतात, सोन्याच्या कांड्या किंवा सिलिकावर सोन्याचं कवच.

सध्या मी त्या कांड्यांवर आहे. लांबी रुंदीच्या चौपट असेल तर दोन पीक येतात, आडवं ५२० च्या जवळ आणि लांबीच्या दिशेचं ८०० च्या जवळ. पीव्हीएमध्ये बसवून फिल्म थोडी गरम करून एका दिशेला ओढली की आतल्या कांड्याही त्या दिशेला वळतात, आणि मग पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर, फिरवला की एका बाजूने एक पीक वर येतं, नव्वद अंश फिरवलं की दुसरं. ओढताना फिल्म मधोमध फाटते हा सध्याचा प्रश्न, मॅडम म्हणाल्या थोडा ओलावा राहू दे आणि क्लॅम्पला रबर लाव, तर उद्यापासून ते करून बघणार.